पडद्याची कड

हे सांगितलं तेव्हा घरातले सगळे हसले. तुम्हीही हसाल.

पण त्या हॉलमध्ये मी स्वतः होते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला शनिवार. दुपारचे तीन. कुंडलजवळची आमची शाळा.

सोमवारी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ होता. कोकणातल्या कुडाळकडचे एक म्हातारे कलाकार पेटी घेऊन आले होते. पांढरा पडदा, त्यामागं बल्ब. मधे बाहुली धरली, की पडद्यावर सावली नाचते. पडदा बांधून ते आकारामदादांकडं, म्हणजे आमच्या शिपायांकडं, शाळेमागच्या खोलीत जेवायला गेले.

हॉलमध्ये अंकिता आणि मी. दोघीही शिक्षिका. खिडक्यांना चादरी लावलेल्या.

अंकिता म्हणाली, "दीपाली, ग्रुपवर टाकायला फोटो काढू की."

आम्ही जैन. चामड्याला मी हात लावत नाही. म्हणून मी पुढं बसले, ती पडद्यामागं गेली.

पडद्यावर हरीण उमटलं. मागं अंकिताची सावली.

"आला का फोटो?"

"आला. ये बाहेर."

ती येईना...

"दीपाली, पडद्याची कड कुठं हाय गं?"

मी हसले. पाच हात पडदा तो!

"चेष्टा न्हाई गं. लय चालले मी. कडच येईना."

तिची सावली लहान होत होती... आवाजही लांबून येत होता.

मी उठून मागं गेले.

बल्ब. खुर्ची. तिच्या चपला. मागं कोरी भिंत.

अंकिता नव्हती.

धावत पुढं आले, तर पडद्यावर ती होतीच. बोटाएवढी. आतून दोन्ही हात आपटत होती.

मी किंचाळले. आकारामदादा आले आणि आधी बल्बच्या बटणाकडं धावले.

"दिवो बंद करू नका!" दारातून म्हातारे ओरडले.

आणि तेवढ्यात लाईटच गेली...

दादांनी चादरी ओढून काढल्या. पडद्यामागं खुर्चीत अंकिता बसली होती. ओठ सुकलेले. अनवाणी पाय घोट्यापर्यंत तांबड्या मातीनं माखलेले.

आमच्या भागात सगळी काळी जमीन.

म्हाताऱ्यांनी ती माती बघितली. घाईघाईनं पेटी भरली आणि निघून गेले. सोमवारचा खेळ झालाच नाही.

अंकिताची आता रहिमतपूरला बदली झालीय. त्या दिवसाबद्दल ती बोलायचीच नाही. परवा फोनवर मीच विचारलं, "तिथं तू एकटीच होतीस का गं?"

"एकटी कशी? तू माझ्या मागंच चालत होतीस की."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"तू दमून खाली बसलीस. म्हणालीस, तू हो पुढं."

मग ती हळूच म्हणाली,

"दीपाली... तू कवा आलीस बाहेर?"