मे महिन्यातले दोन गोल्डफिश

"गाडीमा मासा? वास ई ना, ताई!" कंडक्टर म्हणाला आणि माझं डोकं तापलं.

"जित्ता शेतस!" मी बादलीचं झाकण उचलून दाखवलं. "जिवंत माशांना कधी वास येतो का?"

धुळ्याहून जळगावला निघालेली एसटी, मे महिन्याची भर दुपार आणि माझ्या मांडीवर दोन गोल्डफिश. सकाळची गाडी रद्द झाली होती, नाहीतर असल्या उन्हात मी निघालेच नसते. पण धुळ्यातली माझी भाड्याची खोली पत्र्याखालची. तिथे टाकीतलं पाणी इतकं तापायचं की बाकीचे मासे एकेक करून गेले. हे दोघे उरले होते. जळगावच्या आमच्या घरातली मधली खोली गार असते. तिथवर यांना जिवंत न्यायचंच, असा मी चंग बांधला होता.

शेजारचा तरुण मघापासून बादलीत डोकावत होता. डोळे हसरे… पण माझं लक्ष माशांकडे होतं. खरंच!

पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मी काही करायच्या आत त्याने आपली थंडगार बाटली उघडून बादलीवर तिरकी केली.

"थांबा!" मी त्याचा हात घट्ट धरला. "मारायचंय का त्यांना?"

"अहो, उकडतंय त्यांना… म्हणून थंड पाणी—"

"उन्हातून आल्याआल्या तुमच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं तर? एकदम गार झालं की दगावतात ते."

"बरं." तो हळूच म्हणाला. "हात… सोडता का?"

मी झटकन सोडला. कान गरम झाले, पण ते उन्हानेही असेल.

"तापलेल्या पाण्यात हवा कमी पडते त्यांना," मी उसन्या तोऱ्यात म्हणाले. "हा पेला घ्या. पाणी काढा आणि वरून बारीक धार धरून परत सोडा. आणि ती बाटली द्या इकडे."

बाटलीतल्या पाण्यात ओढणी भिजवून मी ती बादलीभोवती बाहेरून गुंडाळली, माठाला ओलं फडकं गुंडाळतो तशी.

"नाव काय तुमचं?"

"धम्मपाल. एरंडोलला शाळेत चित्रकला शिकवतो."

"मी प्रज्ञा. धार जाड होतेय, गुरुजी."

तो हसला, पण हात थांबला नाही. गाडी सुरू झाली तरी थांबला नाही. मासे हळूहळू खाली गेले. बऱ्याच वेळाने कंडक्टर ओरडला, "ओ सर, तुमनं एरंडोल गये ना!"

"जाऊ द्या," तो वरही न बघता म्हणाला. "धार तुटेल."

तिथेच मला तो आवडला. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

मासे जळगावला जिवंत पोचले. उतरताना त्याने विचारलं, "यांना बघायला आलो तर… चालेल?"

"या की. पेला तयार ठेवते."

मग दर रविवारी स्वारी हजर. आम्ही टाकी खिडकीपासून हलवली, झाकण काढून जाळी बसवली, पंख्याचा वारा पाण्यावर येईल असा लावला. टाकीतला दिवा बंद, माशांचं खाणं अगदी थोडं. वीज गेली की दोघे दोन पेले घेऊन बसायचो. पेल्याला पेला लागायचा… कधी बोटाला बोट.

एका दुपारी मोठा मासा आडवाच पडला. आई म्हणाली, "सोडी दे आते, माय."

सोडते कसली! बर्फाची बाटली, झाकण घट्ट लावलेली, थोडा वेळ पाण्यावर तरंगवायची, मग काढून घ्यायची. मधल्या वेळात पेले चालूच. माझा खांदा भरून आला तेव्हा धम्मपालने माझाही पेला घेतला. ऊन कललं तेव्हा मासा सरळ झाला, शेपटी हलवली. मला रडूच आलं.

"तुम्ही हार मानतच नाही?" तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"आवडलेल्यांच्या बाबतीत नाही."

"किती जण आहेत असे?"

"मासे धरून?" मी विचारलं. तो जो लाजला!

जुलैत हवा गार झाली. मासे असे गुबगुबीत झाले की ओळखू येईनात. धम्मपाल मात्र त्या रविवारी दारातच चुळबुळत उभा राहिला.

"आता ठणठणीत आहेत दोघे… म्हणजे, मला यायला तसं काही कारण—"

"नाही उरलं," मी म्हणाले. "आता मासे बघायला येऊ नका."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला दया आली, पण बोलायचं ते मी ठरवूनच ठेवलं होतं.

"पुढच्या रविवारी आई-वडिलांना घेऊन या."

"ते… कशाला?"

"बघायला. माशांना नाही."

चित्रकलेच्या मास्तरांना उमगायला जरा वेळच लागला. मग कानापर्यंत हसू पसरलं. "पण प्रज्ञा, बघायचं काय राहिलंय? मी तर त्या गाडीतच पसंत करून बसलोय."

"तरी या," मी म्हणाले. "मला सगळ्यांसमोर हो म्हणायचंय."