तिसऱ्या सुरावरचा थांबा

एरंडोलच्या बसस्टँडवर, भटूनानांच्या चहाच्या टपरीशेजारी, दिपमालाला तिचाच बेंजो ऐकू आला.

आधी तिला वाटलं, उपासाचं डोकं आहे, भास होत असेल. फाल्गुनातली संकष्टी होती. दर संकष्टीला ती जळगावहून एरंडोलजवळच्या पद्मालयाला यायची, शेजारी शेजारी बसलेल्या दोन्ही गणपतींना दूर्वा वाहायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. सहा वर्षांत एकही चुकली नव्हती. आज पोटात दोन केळी, वर हे ऊन... पण बेंजो काही थांबेना. तीच खालून वर येणारी चाल, बाबांच्या जुन्या बेंजोचा तोच जरासा बसका आवाज.

बाकड्यावर एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पडद्यावर केळीचं पान, पानावर काळपट ठिपके आणि खाली ठळक अक्षरं – ‘करपा : ओळखा आणि वेळीच उपाय करा’.

“हे संगीत...” दिपमाला म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

तो दचकला. “सॉरी, आवाज मोठा झाला का? हेडफोन घरी राहिले.”

“आवाजाचं नाही. हे माझं आहे.”

“काय, लॅपटॉप?”

“संगीत.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर शेंदराचा टिळा, हातात दूर्वांची रिकामी पिशवी. “ताई, हे मी मुंबईच्या लायब्ररीतून घेतलंय. लायसन आहे माझ्याकडे. अगदी रीतसर.”

“असेलच. ‘उन्हाळी दुपार, दोन’. एक मिनिट चाळीस सेकंद. एक मिनिट पाचला कुकरची शिट्टी आहे, बारीक. आईला थांब म्हटलं होतं, ती थांबली नाही.”

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. लॅपटॉपला कान टेकवला. एक मिनिट पाच... शिट्टी.

“आयला!” त्याने जीभ चावली. “तीन वर्षं मी ह्याला पक्षी समजत होतो.”

दिपमाला हसली. मग ओढणी सावरून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

तिचं काम लोकांना समजावून सांगणं हे एक कामच होतं. ती गाणी करत नसे. ती संगीताचे छोटे छोटे तुकडे करायची – ‘गावाकडची सकाळ’, ‘घरात पाहुणे’, ‘काळजी, तीस सेकंद’. महिन्याला सात तुकडे अंधेरीच्या लायब्ररीत जायचे. मालिकावाले, जाहिरातवाले, माहितीपट करणारे तिथे शोधायचे, परवान्याचे पैसे भरायचे आणि आपल्या चित्राखाली तो तुकडा घालायचे. कुठे वाजलं ते तिला सहा महिन्यांनी एका यादीत कळायचं. नाव मात्र कुठेच यायचं नाही. तिची आई प्रमिलाबाई यावरून अजून कुरकुरायची – “टीव्हीत वाजतं म्हणतेस, मग नाव का येत नाही? चोरीचं आहे का?”

“मला वाटायचं,” तो तरुण म्हणाला, “कोणीतरी साठीचे गृहस्थ असतील. एसीत बसून वाजवत असतील.”

“एसी कुठला? भिंतीला गोधड्या टांगल्यात. रेकॉर्डिंगला पंखासुद्धा बंद.”

“जळगावात? मे महिन्यात?”

“मे महिन्यात जास्तच बंद.” ती जराशी थांबली. “पण एक विचारू? ही चाल मी मामाच्या ओसरीवरची दुपार आठवून केली होती. तुम्ही तिच्याखाली करपा दाखवताय.”

तो ओशाळला नाही. “मुद्दाम. करपा पडलेलं पान पाहिलं की बागायतदाराचा जीव अर्धा होतो. पुढचं ऐकतच नाही. खाली हे वाजलं, की वाटतं... होईल बरं. मग औषधाचं नाव ऐकतो.”

दिपमालाने पुन्हा पडद्यावरच्या पानाकडे पाहिलं. सहा वर्षांत तिच्या यादीत पुष्कळ नावं आली होती, पण तिचं संगीत कुणाला काय करतं, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्याचं नाव नवल. धुळ्याचा. शेतीचे माहितीपट आणि लग्नाच्या फिल्मा, दोन्ही करायचा. आज बाइक पंक्चर झाली, म्हणून इथे अडकला होता. बोलता बोलता तो तीच चाल गुणगुणायला लागला, आणि तिसऱ्या सुरावर उगाचच थांबला.

“तिथे थांबायचं नाही,” ती म्हणाली.

“मी थांबतो.”

“पण चाल तशी नाही.”

“चाल तुमची. थांबणं माझं.”

सगळ्याच गाड्यांना उशीर होता. भटूनाना चहा ओतता ओतता अहिराणीत म्हणाले, “भांडू नका रे. आज बठ्ठ्या गाड्या लेट शेतस. बठा निवांत.”

चैत्रातल्या संकष्टीला नवल पुन्हा त्याच बाकड्यावर. शेजारी हेल्मेट, हातात भज्यांचा कागद.

“एरंडोलला काम निघालं,” त्याने न विचारताच सांगून टाकलं.

“कसानं काम?” भटूनाना टपरीतून ओरडले. “दोन तासफाईन हाऊ आठेच बशेल शे!”

दोन तास इथेच बसून असल्याचं उघडं पडलं, तसे नवलचे कान लाल झाले. त्याने भज्यांचा कागद पुढे केला, मग तिचा उपास आठवला, आणि कागद गुंडाळून मागे लपवला. तेवढ्या गडबडीत एक भजं तिच्या चपलेवर पडलं. तिने नुसती चप्पल झटकली. पण गाडीत बसल्यावर पार हायवेला लागेपर्यंत तिला हसू येत राहिलं.

मग नंबर दिले-घेतले गेले आणि आवाजी मेसेज सुरू झाले. कामाचेच. “दिपमालाताई, हा भाग जरा लांब हवाय... हे बघा, इथे...” आणि गुणगुणणं. पंधरा दिवसांनी ‘ताई’ गळून पडलं. 

एका दुपारी पंखा बंद करून, घाम पुसत, तिने त्याचं ते गुणगुणणं बेंजोच्या तुकड्यात मिसळून पाहिलं. विकायला नाही, सहजच. नवल तिसऱ्या सुरावर थांबला, की तिने बेंजोलाही थांबवलं. तो पुढे निघाला, की बेंजो निघाला. एक मिनिट दहा सेकंद. त्या तुकड्याला तिने नावसुद्धा दिलं नाही. त्या महिन्याच्या फोल्डरात तो नुसता ‘आठ’ म्हणून राहिला.

आणि महिनाअखेरीला घाईघाईत फोल्डरच्या फोल्डर अंधेरीला गेला.

लायब्ररीच्या रत्ना मॅडमचा फोन आला, तेव्हा दिपमाला तुळशीला पाणी घालत होती.

“दिपमाला, आठ नंबर काय केलंयस गं! एका मालिकेला शीर्षकसंगीत म्हणून हवंय. रोज संध्याकाळी साडेसातला. नाव येणार तुझं पडद्यावर. ‘संगीत – दिपमाला’. ऐकतेयस ना?”

तांब्यातलं पाणी कुंडीतून वाहून पायावर आलं.

“मॅडम, तो तुकडा चुकून—”

“फक्त एक अडचण आहे. एक्केचाळीस सेकंदाला पुरुषाचा आवाज आहे. कुणाचा? ओळखू येण्यासारखा आवाज असला की त्या माणसाचं संमतीपत्र लागतं, माहितीये ना. सही, साक्षीदार, सगळं. बुधवारी सकाळी फॉर्म माझ्याकडे हवा.”

“आवाज काढून टाकला तर?”

“वेडी आहेस का? तो थांबतो ना मध्येच, तेच आवडलंय त्यांना.” मग आवाज खाली आणून – “फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘गायकाचे संगीतकाराशी नाते’. तिथे भाऊबिऊ लिहून टाक. कोण विचारतंय?”

दिपमालाने झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्म छापून आणला. रात्रभर तो देवघरात गणपतीसमोर ठेवला. नवलला न विचारता त्याचा आवाज घेतला, ही चूक होती, आणि ती कबूल करायलाच हवी होती. ते एकवेळ जमलं असतं. पण ‘भाऊ’ हा एवढासा शब्द... पेन घेऊन तीनदा बसली, तीनदा उठली.

प्रमिलाबाईंना अर्धंच कळलं होतं. नाव येणार, एवढंच. त्या गल्लीभर सांगूनही आल्या होत्या.

मंगळवारी संकष्टी, म्हणजे अंगारकी. पद्मालयाला पाय ठेवायला जागा नव्हती. तीन तास रांगेत उभं राहून दिपमालाने दर्शन घेतलं. गणपतीकडे काय मागावं ते मात्र ठरेना. नाव मागावं, की तुकडा परत मागावा? शेवटी नुसतेच हात जोडून ती स्टँडवर आली.

नवल होताच. आज भजी नव्हती.

“एक सांगायचंय,” ती म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटेल.”

“लग्न ठरलं तुमचं?” हे तो इतक्या झटकन बोलला, की स्वतःच गडबडला.

“नाही हो... तुमचा आवाज घेतला मी. न विचारता.”

तिने मोबाइल पुढे केला. त्याने इअरफोन कानात घातले. स्टँडवर अंगारकीची गर्दी, कंडक्टरच्या हाका, रडणारी पोरं, आणि त्या सगळ्यात नवलचा चेहरा हळूहळू शांत होत गेला. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

“बेंजो का थांबलाय इथे?”

“तुम्ही थांबलात म्हणून.”

त्याने इअरफोन काढून बोटांभोवती गुंडाळले. तिने फॉर्म काढून सगळं सांगितलं – मालिका, बुधवार, पडद्यावरचं नाव.

“मी सही केली तर?”

“तर हा लायब्ररीचा. आधी मालिका, मग कुणीही घेईल. साबण, कुकर...”

“करपा.”

“करपासुद्धा.” तिला हसू आलं नाही. “नाही केली, तर कपाटात राहील. आपल्या... माझ्या.”

“आणि नाव?”

“मग नाव नाही.” तिने मान वर केली. “नका करू सही. नावाचं काय, आजवर नव्हतं, पुढेही नसलं तर चालेल. हा मी विकायला केला नव्हता.”

“मग कशासाठी केला होता?”

दिपमाला रस्त्याकडे बघत राहिली. “जळगावची गाडी आली बहुतेक...”

कुठलीही गाडी आली नव्हती. नवलने खिशातून पेन काढलं, हेल्मेटवर फॉर्म ठेवला आणि खाली सही केली.

“अहो!”

“तुमच्या आईंना दिसू द्या ना नाव. सहा वर्षं गोधड्यांच्या खोलीत पंखा बंद करून बसलात, ते काय कपाटात ठेवायला?” मग जरा हळू – “आणि हा आवाज लायब्ररीचा झाला तरी माझ्याकडे शिल्लक आहेच. ऐकायचा असेल तेव्हा... मी आहे.”

दिपमालाने ओल्या सहीवर हलकेच फुंकर घातली. 

“एक रकाना राहिलाय,” त्याने बोट ठेवलं. “‘गायकाचे संगीतकाराशी नाते’. हा तुम्ही भरायचा.”

“रत्ना मॅडम म्हणाल्या, भाऊ लिही.”

“मग... लिहा.” तो हेल्मेटचा पट्टा उगाच पिळायला लागला.

“मला खोटं लिहिता येत नाही. संकष्टीला तर नाहीच.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

“बाकीच्या दिवशीही नाही.”

तिने पेन घेतलं, एकच शब्द लिहिला आणि त्यावर तळहात ठेवला. “साक्षीदाराची सही लागेल.”

भटूनानांनी फडक्याला हात पुसले, चष्मा लावला. न वाचता ते कशावरच सही करत नसत. फॉर्म सगळ्यात वरून, अक्षर न् अक्षर, मोठ्याने वाचत खाली आले. “गायक, नवल... संगीतकार, दिपमाला... नाते...” ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“ठ-र-तं-य.”

चहाला उभी असलेली माणसं वळून पाहू लागली. दिपमालाने ओढणीचं टोक घट्ट धरलं. नवलच्या हातातून हेल्मेट सुटून घरंगळत बाकड्याखाली गेलं. ते उचलायचं त्याला भान नव्हतं.

“मी कसाना साक्षीदार शे रे, नवल?” भटूनाना गरजले. “गानाना का लगीनना?”

“सही तर करा नाना,” नवलच्या तोंडून कसंबसं निघालं. “दोन्हीकडे चालेल.”

नानांनी सही केली. वर चहाचा एक थेंबही पडला. तो पुसत त्यांनी दोन चहा पुढे ठेवले आणि भज्यांची पुडी बांधायला घेतली.

“मला भजी नको, नाना,” नवल म्हणाला. “आज उपास आहे.”

दिपमालाने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“पहिलाच आहे,” तो म्हणाला. “सोडायचा कसा, ते येत नाही.”

“चंद्राला नैवेद्य दाखवून. आईच्या हातचे मोदक असतात आमच्याकडे.” कपातल्या चहाकडे बघत ती पुढे म्हणाली, “घरी यावं लागेल पण. आईला विचारायचंही आहेस ना... तू.”

त्याने तो ‘तू’ ऐकला.  तो गुणगुणायला लागला, तीच चाल, खालून वर.

जळगावची गाडी आली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. नवल तिसऱ्या सुराशी पोचला आणि थांबला.

दिपमालाही थांबली. गाडी गेली.