अंधारपालट

पाण्याचा नमुना भर दुपारी बाराच्या ठोक्याला घ्यायचा, असा कारखान्यानं घालून दिलेला केंद्राचा नियम होता आणि चार वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. पाणथळ शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती कुडाळकर पडद्यावरचा आजचा आकडा बघत होत्या. शामक : शून्य. काल शून्य, परवाही शून्य. त्या शून्याची त्यांना आता चीड येऊ लागली होती.

शामक म्हणजे चिंता घालवणारी गोळी. शेजारचा कारखाना ती बनवी आणि निम्मं शहर ती घेऊन निवांत होई. कारखान्याचं सांडपाणी पाणकणसाच्या उंच गवतानं भरलेल्या उथळ तळ्यांतून फिरवलं जाई. तिथे ऊन आणि मुळांवरचे जिवाणू औषध मोडून टाकतात, असं कारखान्याचं म्हणणं होतं. स्वच्छ ठरलेलं हे पाणी मग जमिनीखालच्या नळातून नऊ किलोमीटरवरच्या खारवडीला प्यायला जाई. विहिरी आटल्यापासून त्या गावाला दुसरं पाणीच नव्हतं.

आणि खारवडीची कशाबद्दलच तक्रार नव्हती. रस्ता वाहून गेला, तक्रार नाही. शाळेचे मास्तर चार महिने फिरकले नाहीत, तरी तक्रार नाही. गेल्या वर्षी शेवंता लाडच्या दोन वर्षांच्या चिमीला सणकून ताप भरला, तेव्हा शेवंता तिला मांडीवर घेऊन पाच दिवस ‘उतरेल की’ म्हणत बसून राहिली. ताप उतरला, पण जाताना पोरीचे दोन्ही कान घेऊन गेला. वैजयंतीबाई चौकशीला गेल्या तेव्हा शेवंतानं हे सगळं हसतमुखानं सांगितलं आणि वर चहा टाकू का म्हणून विचारलं. ते हसू बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यांनी खारवडीच्या टाकीतलं पाणी तपासलं. त्यात शामक होतं, आणि माणसाची काळजीच पुसून टाकील इतकं होतं.

खारवडीच्या पंचायतीत चौकशी बसली. अधिकारी होते देवस्थळी. कारखान्याकडून मुख्य रसायनज्ञ बल्लाळ आले, ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊनच. तळ्यातून शून्य निघालेलं औषध टाकीत कुठून उगवलं, असं त्यांनी विचारलं. बाईंच्या नमुन्याच्या बाटल्यांवर कुणा दुसऱ्याची सही नाही, तेव्हा औषध त्यांनीच टाकलं नसेल कशावरून, हेही त्यांनी शांतपणे सुचवलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलल्या त्या सावकाश.

“औषध मोडतच नाही, बल्लाळसाहेब. उन्हात त्याच्या रेणूला पाण्याचा एक रेणू येऊन चिकटतो. रूप बदललं की केंद्राचं यंत्र त्याला ओळखत नाही आणि शून्य दाखवतं. पण ही जोडणी कच्ची असते. दोन दिवस अंधारात राहिलं की पाण्याचा रेणू गळून पडतो आणि औषध होतं तसं परत येतं. मी याला अंधारपालट म्हणते.”

“आणि हा अंधार कुठे आहे?”

“तुमच्या नळात. गावाच्या झाकणबंद टाकीत. नमुना मात्र तुमच्या नियमानं भर उन्हात घेतला जातो.”

बल्लाळांनी मान हलवली. त्यांचा विश्वास फक्त लाखेच्या सीलवर होता. त्यांच्या कारखान्यात चहापत्तीच्या डब्यालाही दोन सह्यांची चिठ्ठी असे. त्यांनी मागणी केली की टाकी आजच सील व्हावी, कापड, सुतळी, लाख, दोन्ही पक्षांच्या सह्या, सगळं रीतसर. चौथ्या दिवशी तिऱ्हाईत प्रयोगशाळेनं सील फोडून पाणी तपासावं. तोवर गाव काय पिणार, असं देवस्थळींनी विचारलं, तेव्हा धरणावरून कारखान्याचे टँकर येतील, असं बल्लाळांनी उदारपणे सांगितलं. गावानं त्यांचे आभारसुद्धा मानले.

चौथ्या दिवशी सील फुटलं. टाकीत शामक होतं, आणि आधीपेक्षा थोडं जास्तच होतं, कारण उरलेसुरले रेणूही अंधारात पालटले होते.

बल्लाळ जराही डगमगले नाहीत. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढे केलं. पाणी पिणाऱ्यांपैकी एकानं तरी तक्रार केल्याशिवाय नळ बंद करता येत नाही. देवस्थळींनी दोनदा वाचलं आणि नाइलाजानं मान डोलावली. वैजयंतीबाईंना भडभडून आलं. ज्यांची जीभ आधीच बांधून ठेवली, त्यांच्याच जिभेवर न्याय सोडायचा, याला काय म्हणावं?

“विचारून टाकू,” म्हणत बल्लाळ जमलेल्या गावकऱ्यांकडे वळले. दर ग्रामसभेला ते हाच प्रश्न विचारत आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन जात. “कुणाची काही तक्रार?”

तेवढ्यात बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. बाहेर दोघं चपलेवरून भांडत होते. खारवडीत भांडण त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी मनात दिवस मोजले. टँकरच्या पाण्याचा हा चौथा दिवस होता, आणि शामक शरीरातून जायला तीन पुरतात. टाकी सील करायला लावून बल्लाळांनी स्वतःच्याच हातानं गावाचं औषध बंद केलं होतं.

शेवंता उठली. चिमी तिच्या कडेवर होती.

“पोर पाच दिवस तापली, सायेब,” ती म्हणाली. “मी उशाशी बसून गाणी म्हणत होते. मला भ्या वाटलंच न्हाई. पोटच्या पोरीसाठी भ्या वाटलं न्हाई मला. माझं भ्या कुणी नेलं? ते सांगा, मग तक्रार लिवते.”

बल्लाळांनी देवस्थळींकडे पाहिलं. देवस्थळी पेनाचं टोपण काढत होते. शेवंताच्या मागे एकेक करत अख्खी बैठक उभी राहिली. वैजयंतीबाईंना जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. पाच दिवसांची ती भीती आत्ता, वर्षभरानं, एकदम शेवंताच्या अंगावर आली होती.

चिमीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती नुसती आईच्या तोंडाकडे बघत होती. असा चेहरा तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती घाबरून रडायला लागली आणि शेवंतानं तिला घट्ट उराशी धरलं.