चेरीच्या रिकाम्या बरण्या

“एवढ्याशा रसाला माझ्याकडे स्वस्तातलं भांडं नाही हो, ताई,” वाइनचं सामान विकणारा दुकानदार म्हणाला. “छोटी आहेत, पण ती बाहेरून मागवलेली. परवडायची नाहीत.”

ती हिरमुसून बाहेर पडली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, हे तिचं काम. वाइन करायचे ते बाबा, मोठ्या पिंपात. बाबा गेले आणि गच्चीवरचा वेलही जणू रुसला. यंदा जेमतेम दोन टोपल्या द्राक्षं. पिंपात एवढासा रस घातला, तर वरच्या मोकळ्या जागेतली हवाच त्याला नासवणार. आणि द्राक्षं काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मागच्या दारात एक जण काचेच्या बरण्या धूत बसला होता. गोल पोटाच्या, लहान गळ्याच्या. तिची पावलं थबकलीच.

“या… विकायच्या आहेत?”

“टाकायच्या आहेत.” त्यानं वर पाहिलं. एका भुवईवर मैदा होता. “केकवरच्या चेरी येतात यातून. तुम्हाला कशाला?”

“वाइन करायचीय. घरच्यापुरती.”

“मग न्या की सगळ्या!”

“चेरीचा वास राहता कामा नये हं.”

“हुंगून बघा,” त्यानं बरणी पुढे केली. तिनं खरंच हुंगली. तो हसला, तशी ती लाजली.

संध्याकाळी बरण्या पोचवायला तो स्वतःच आला. आला तो थांबलाच. बाह्या दुमडून द्राक्षं कुस्करायला बसला. “हळू… बाबा म्हणायचे, बिया फुटल्या तर रस कडवट होतो,” ती म्हणाली. त्याचे कणीक मळणारे हात एकदम हलके झाले. दिवसभर लोकांचे डोळे बघणारी ती आता त्या हातांकडेच बघत राहिली.

मग रस आंबू लागला, आणि त्यातले बुडबुडे बघायच्या निमित्तानं तो रोज येऊ लागला. बरणीला कान लावायचा. “काय म्हणते?” ती विचारायची. “चहा टाका म्हणते.”

“बुडबुडे बघायला एवढी इस्त्री करून कोण येतं गं?” आईनं एकदा विचारलं. ती बरण्या पुसू लागली. कान मात्र लाल झाले.

आणि एके दिवशी घात झाला. चिलटं आत जातील म्हणून त्यानं एका बरणीचं झाकण गच्च आवळलं. दुपारी आत कोंडलेल्या वायूनं बरणी फुटली. काचा, रस, छतापर्यंत जांभळे शिंतोडे… त्यानं निमूट फरशी पुसली. “माफ करा,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. उरलेल्या बरण्या शेजारीशेजारी बुडबुडत होत्या, पण तिचं लक्ष जिन्यावरच्या पावलांकडे. शेवटी एका सकाळी ती बेकरीच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

“का येत नाही?”

“कुठल्या तोंडानं येऊ? तुमच्या बाबांची आठवण मी… अक्षरशः फरशीवर सांडली.”

“बाबांचंही पिंप उतू जायचं. आई ओरडायची, बाबा हसायचे.” ती एक पाऊल पुढे आली. “बरणीचं काही नाही हो. पण चहा दोघांचा टाकते रोज. आणि एकटीच पिते.”

त्यानं हातांवरचा मैदा झटकला.

“मला बुडबुड्यांतलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “कधीच कळलं नाही. मी तुमच्यासाठी येत होतो.”

“ठाऊक आहे…”

भट्टीतून करपट वास आला.

“अगं बाई, पाव!” ती ओरडली.

“जळू देत,” तो म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी दोघंही भट्टीकडे धावले. अर्धे पाव काळेठिक्कर. मधले वाचले होते. पायरीवर बसून दोघांनी त्यातला एक मोडला. वाफ निघत होती, बोटं भाजत होती.

“संध्याकाळी येशील ना?” तिनं विचारलं, आणि मग लक्षात येऊन जीभ चावली.

“येईन,” तो सावकाश म्हणाला. “पण परत एकदा म्हण.”

“येशील ना?”