पाजणाऱ्यानं शेवटी प्यायचं

आधी पाणी प्या, मग विचारा. आणि घोट घोट प्या, उन्हातून आलाय. चाळीस वर्षं भिस्ती आहे मी या नदीकाठी. तहानलेल्या माणसाच्या डोक्यात गोष्ट शिरत नाही, एवढं कळतं मला.

माझं नाव दावल. सुलतानाच्या फौजेला पाणी पाजायचो. सुलतान गादीवर बसून तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि विजयनगरच्या रायाशी ही चौथी लढाई. कशासाठी म्हणाल, तर दोन नद्यांमधल्या या मुलखासाठी. आज किल्ल्यावर यांचं निशाण, उद्या त्यांचं, आमच्या बोडक्यावरचं ऊन तेवढं कायम. चौथ्या वेळी आम्ही जिंकलो म्हणे. फौज नदी ओलांडून रायाच्या मागे गेली. मी मात्र गावातच राहिलो, कारण माझी मखतुम तापानं फणफणली होती. नऊ वर्षांची पोर. तिची आई बाळंतपणातच गेलेली. गाव तर लढाईआधीच पळालेलं. उरलो आम्ही बाप-लेक आणि पाय अधू झालेला म्हातारा इमामचाचा, ज्यानं मला हा धंदा शिकवला.

"औषध राहू दे," चाचा म्हणाला, "पाणी पाज. घटकेघटकेला पाज, तरच ताप उतरेल."

पण गावच्या विहिरींत रायाच्या लोकांनी जाता जाता मेलेली ढोरं टाकली होती. पाणी फक्त नदीला, अर्ध्या कोसावर. आणि मधे ते लढाईचं माळरान.

लढाईनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवर कातड्याची मसक भरून घराकडे निघालो. भरलेली मसक म्हणजे पाठीवर घेतलेलं पोर. जरा हललं तरी कळतं. माळावर आलो. वास असा, की नाकाला फडकं बांधूनही जिभेवर उतरत होता. एवढी मढी पडलेली, पण वर घार नाही, कावळा नाही. आणि माझ्या कमरेपाशी आवाज आला... गट्. गट्. गट्.

मसक हलकी झाली.

थांबलो. तोंडाची वादी पाहिली, पक्की होती. शिवण चाचपली, कोरडी. पायाखालची माती कोरडी. चालायला लागलो की पुन्हा तेच, घाईघाईनं गिळणं, आणि मग कोणीतरी दम टाकल्यासारखा उसासा. घरी पोचलो तेव्हा पाठीवर नुसतं कातडं लोंबत होतं.

"काय रे, नदीलाच झोप लागली होती की तुला?" चाचा हसला. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं तेव्हा नाही हसला. मखतुमच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मडक्यातलं शेवटचं भांडं आम्ही तिला पहाटेच पाजून बसलो होतो.

"दावल्या," चाचा हळूच म्हणाला, "कोणाला नाही म्हणालास?"

खोटं कशाला बोलू... लढाईच्या संध्याकाळी दवंडी पिटली होती. शत्रूच्या जखमीला जो पाणी देईल त्याचा हात तोडू. पाणी आधी हत्तींना, आपले जखमीसुद्धा थांबतील. मी भरली मसक घेऊन त्याच माळावरून हत्तींकडे गेलो. पडलेले सगळे पाणीच मागत होते, आपले आपल्या बोलीत, रायाचे त्यांच्या, "नीरु... नीरु..." एकानं माझा घोटा धरला. मी पाय झटकला. दर मोहरमला करबल्याच्या तहानलेल्यांसाठी ऊर बडवून रडणारा मी, त्यांच्या नावानं पाणपोई घालणारा मी, पाय झटकून पुढे गेलो. हात वाचवला. काय चाटायचाय तो हात आता.

चाचानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "जा. पाजून ये."

भर दुपारी पुन्हा मसक भरून आणली आणि माळाच्या मध्यावर उभा राहिलो. कटोरा भरून पुढे धरला. "घ्या," म्हणालो. "चुकलो मी. सगळं घ्या, फक्त एक कटोरा माझ्या पोरीला राहू द्या..." कोणी घेतला नाही. हात भरून आला तरी कटोरा काठोकाठ तसाच. शेवटी तो मातीवर ओतला आणि धावत सुटलो. मसक घरापर्यंत जडच राहिली. अल्लाची शपथ, त्या वाटेवर मी हसत होतो.

मखतुमला उठवून बसवलं. तिनं कटोरा दोन्ही हातांनी घेतला, पण ओठांना लावला नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली.

"अब्बा, आधी यांना."

"कोणाला, बाळा?"

"हे काय... तुमच्या मागे उभे आहेत ते."

मी मागे वळलो नाही. चाचा वळला. त्याला दार दिसलं आणि दारातलं ऊन. चार वर्षांची असल्यापासून ती माझ्याबरोबर पाणपोईवर बसायची. मीच शिकवलं होतं तिला, रांग आहे तोवर पाजणाऱ्यानं तोंड ओलं करायचं नाही. तिनं कटोरा पुढे केला. परत घेतला तेव्हा तो रिकामा होता आणि जमीन कोरडी होती.

"भरा ना, अब्बा."

मी भरत राहिलो. तिच्या तोंडात बळेच ओतायला गेलो तर तिनं दात घट्ट मिटले. "रांग मोडू नका," ती कुजबुजली, "लोक बघतायत." चाचानं तिचे पाय धरले, "एक घोट घे गं राणी... एकच." ती त्यालाच समजावत होती, थोडेच राहिलेत म्हणून.

मसक तळाला गेली तेव्हा मी विचारलं, "अजून किती आहेत गं?"

तिनं दाराकडे नीट पाहिलं. "रायाचे संपले," म्हणाली. "आता आपले आलेत."

शेवटचा कटोरा तिनं पुढे धरला. तो हात मागे आलाच नाही. बोटं सोडवून कटोरा काढला तर काठावर सगळीकडे धुळीच्या ओठांचे ठसे होते, एकावर एक. फक्त एक बोटभर जागा तिनं अंगठा ठेवून स्वच्छ राखली होती. स्वतःसाठी.

मयताला न्हाऊ घालायलाही पाणी लागतं. मी पुन्हा नदीवर गेलो, मसक भरली. माळावर आलो आणि ती कधी हलकी होते याची वाट बघत चालत राहिलो. वारा नव्हता. तरी वाटेच्या दोन्ही बाजूंचं वाळलं गवत माझ्या पुढे पुढे आडवं होत गेलं, माणसं मागे सरून वाट देतात तसं, थेट गावच्या वेशीपर्यंत.

पाणी घरी पोचलं. एक थेंबही कमी नव्हता.