एक कापून

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या मावशीच्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही.

मध्यरात्र वगैरे काही नव्हती. थंडीतली गुरुवारची दुपार, लख्ख ऊन. बाजारपेठेच्या कोपऱ्यावरची नवी कोरी दुकानांची इमारत. पाच मजली.

मावशी बांधकाम परवानगीच्या ऑफिसात निरीक्षक. इमारत उभी राहिली की ती जाऊन मोजते. ती ठीक म्हणाली तरच वापराचा दाखला मिळतो. व्यापारी प्लॉट आहे म्हणून वाटेल तेवढं बांधता येत नाही. उंची वाढली की बाजूची मोकळी जागाही वाढवावी लागते. पाच मजल्यांना सहा मीटर. तेवढी सोडली नसेल, तर चारच मजले. सरळ हिशेब.

इथे तर त्या मोकळ्या पट्ट्याच्या टोकाला एक पाळणाघर होतं. आग लागली तर वरून जळकं सामान याच पट्ट्यात पडणार, आणि बंबही यातूनच आत जाणार. दुसरी वाट नव्हती.

मावशीकडे मामाची टेप होती. मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ, त्याच ऑफिसातला. वर्षानुवर्षं दोघं जोडीनं मोजायची. टेपचा पहिला मीटर कधीच तुटून गेला होता, पण मामा नवी घेईल तर शपथ! तो टेप एकच्या खुणेवर धरायचा, दोनदा हलकेच ओढायचा आणि ओरडायचा, "धरलंय गं बये! एक कापून!"

मग मावशी आकड्यातून एक वजा करायची.

त्याआधीच्याच पावसाळ्यात मामा गेला. झोपेतच.

आता टेपचं टोक इमारतीच्या भिंतीशी धरलं होतं बिल्डरच्या इंजिनिअरनं.

"धरलं, मॅडम."

मावशीनं कुंपणापाशी आकडा वाचला. सहा. बरोब्बर सहा.

'एक कापून' म्हणणारं कुणी नव्हतं. तिनंही कापलं नाही. तिची ती सवय मामाच्या आवाजाला बांधलेली होती.

"झालं ना? मग करा सही," बिल्डर म्हणाला. "उगाच फाटे फोडू नका."

तिनं पेनाचं टोपण काढलं.

आणि...

सगळे आवाज थांबले. रस्त्यावरचे हॉर्न. वरचं ड्रिल. कबुतरंसुद्धा.

डाव्या हातातली टेप ओढली गेली. एकदा...

दोनदा...

"धरलंय गं बये. एक कापून."

मावशीनं वर पाहिलं. इंजिनिअर केव्हाच टोक सोडून बिल्डरशेजारी येऊन उभा होता. भिंतीशी कुणीच नव्हतं.

टेप मात्र ताठ होती.

घाबरली का? घाबरली. पण त्याहून जास्त संताप आला. घाईगडबडीत आपल्याला गंडवत होते, याचा संताप.

"पाच," ती म्हणाली.

टेप भिंतीकडून सुटली आणि सपकन जमिनीवर पडली. हॉर्न पुन्हा सुरू झाले.

"मघाशी सहा म्हणालात!"

"मघाशी एक कापायचं राहिलं. टेप पुढून तुटलीय, हे तुमच्या इंजिनिअरला दिसलं नाही होय?"

इंजिनिअर बिल्डरच्या मागं सरकला.

"एका मीटरनं काय आभाळ कोसळणार आहे?" बिल्डर गुरकावला. "बदली करवीन तुमची."

"करवा की! जिथं पाठवाल तिथं मोजीन. चार मजले, साहेब. पाचवा नाही म्हणजे नाही."

बिल्डर गप्प बसणारा नव्हता. पुढच्याच आठवड्यात मावशीचे मोठे साहेब जातीनं मोजायला आले. सोबत ऑफिसचा कारकून आणि पोलादी, नवी कोरी टेप. मावशीला नुसतं बाजूला उभं केलं होतं.

आकडा आला पाच.

साहेबांनी घसा खाकरला. "पाच म्हणजे तसं... समजुतीनं घेता येईल. थोडं इकडेतिकडे चालतंच."

"नाही चालत," मावशी म्हणाली.

"तुम्हाला विचारलंय का?"

आणि पुन्हा ती शांतता...

टेप हलली. एकदा... दोनदा...

भिंतीशी टोक धरून बसलेला कारकून "आई गं!" करून मागं पळाला. टेप तशीच ताठ.

"एक कापून..."

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. बिल्डरच्या तोंडचं पाणी पळालं.

"टेप... टेप तर नवीन आहे," साहेब पुटपुटले. "हिच्यात काय कापायचं?"

मावशी दोन पावलं पुढं आली.

"मजला," ती म्हणाली. "एक मजला. ऐकलंत ना? मग लिहा."

साहेबांनी तिथंच, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं.

पाचवा मजला उतरवला. मावशीची बदलीही झाली, बिल्डर शब्दाला जागला. मावशी तिकडेही अशीच मोजते, आणि नाही म्हणायचं तिथं नाहीच म्हणते.

त्या दिवशी टेप कुणी धरली होती, यावर साहेब आजही बोलत नाहीत. मीही विचार करणं सोडून दिलं होतं.

परवापर्यंत.

परवा आमच्याकडे कपाटासाठी भिंत मोजायची होती. मावशीनं तीच जुनी टेप काढली. टोक मी धरलं, एकच्या खुणेवर.

"धरलंय, मावशी."

ती आकडा वाचेना. कशाची तरी वाट बघत थांबली. मग माझ्या लक्षात आलं.

"एक कापून," मी म्हणाले.

मावशी हसली. "अगं हो, ऐकू आलं. दोन-दोनदा कशाला सांगतेस?"

मी एकदाच म्हणाले होते...