रिकाम्या खोलीचं एक मिनिट

मी बोलका माणूस. लिहिणं मला कधी जमलं नाही, तरी लिहितो.

आमच्या बँडचं नाव 'तळघर', आणि आम्ही वाजवायचो गौलीगुड्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. यंत्रं माझी, आवाज भारतीचा. डार्कवेव्ह म्हणतात या संगीताला: मशीनचा जड ठोका, खाली घुमणारा सिंथ आणि वर तिचं गार, संथ गाणं. सात वर्षांत चौदा कार्यक्रम झाले. सगळ्यात मोठी गर्दी साठ जणांची. त्यातले नऊ आमचे नातेवाईक, कानांवर हात ठेवून बसलेले.

आबिड्सला माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सैल वायरवर आहे.

रेकॉर्डिंगची आमची एक पद्धत होती. आधी माइक चालू करून दोघांनीही बाहेर जायचं, दार ओढायचं आणि रिकाम्या खोलीचं एक मिनिट घ्यायचं. नंतर ते मिनिट कॉम्प्युटरला ऐकवलं, की तेवढं तो गाण्यातून वजा करतो. पंखा जातो, बसचे हॉर्न जातात, गाणं राहतं.

राज्याचे दोन तुकडे झाले; आमचं शहर एकात, आंध्र दुसऱ्यात. भारती सचिवालयात होती. तिची शाळा वडिलांच्या बदलीमुळं कर्नूलला झालेली, म्हणून तिचं नाव आंध्रच्या यादीत लागलं. दोन हजार सोळाच्या जूनमध्ये तिची कचेरी अमरावतीला हलली. जायच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटचं गाणं घेतलं. रिकाम्या मिनिटासाठी जिन्यात उभे होतो.

"तू नसल्यावर मी काय वाजवायचं?" मी म्हणालो. "तू जा, पण आवाज इथंच ठेवून जा."

"हौ, ठेवते की," ती हसली. "भाडं तू भर."

गाणं झाल्यावर मला रडू येत होतं, म्हणून मी वायरी गुंडाळत बसलो.

आठवड्यानं गाणं साफ करायला घेतलं. मिनिट वजा केलं. पंखा गेला, हॉर्न गेले आणि भारतीचा आवाजही गेला. ठोका तेवढा राहिला.

मागच्या वर्षीचं मिनिट लावून पाहिलं. आवाज जागेवर होता. मग या वेळचं मिनिट आवाज फुल्ल करून ऐकलं. पंख्याच्या घरघरीखाली कुणीतरी गात होतं. तेच शेवटचं गाणं, भारतीच्याच आवाजात. ते तेव्हा आम्हाला अजून घ्यायचं होतं, आणि भारती तर त्या वेळी जिन्यात माझ्या शेजारी उभी होती.

मी तिला फोन केला. तिनं कट केला. मग मेसेज आला: "इथं आल्यापासून आवाज निघत नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे. दिग्या, लई भ्या वाटायलंय."

दुपारी गौलीगुड्याला गेलो. खाली घरमालकीण सावित्रीबाई गहू निवडत बसल्या होत्या.

"ती पोरगी गेली म्हणलास ना? मग रोज गायलंय कोण?"

मी वर गेलो. कुलूप जसंच्या तसं होतं. आत धूळ, स्टँड, बंद पंखा. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी उंबऱ्यात उभं राहून मोठ्यानं बोललो.

"चेष्टा केली होती मी. तिचं तिला द्या."

काहीच झालं नाही.

"हवं तर माझा ठेवा."

दार ओढून घेतलं. कुलूप लावलं. जिन्यात थांबलो.

एक मिनिट झालं असेल.

फोन वाजला.

"दिग्या! आला रे, आवाज आला! आत्ता, एकदम!" भारती हसत होती, रडत होती. "हॅलो? बोल की. हॅलो?"

मी तोंड उघडलं.

"दिग्या? ऐकू येईना बघ. हॅलो?"

खालून सावित्रीबाईंनी हाक मारली.

"अरे दिगंबर, खोलीत एकटाच किती बडबडायलास? हळू बोल जरा."

कुलपाची किल्ली माझ्या मुठीत होती.